अलान्याची दामलाताश गुहा: छोटी आहे म्हणून वगळू नका

रानवारा

आपल्याकडे तुर्कस्तानच्या सहली निघतात त्यात इस्तंबूल, कापादोक्या, पामुक्काले आणि अंताल्या ही नावं ठरलेली असतात. अंताल्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्वेला साधारण १३० किलोमीटर गेलं की अलान्या लागतं. तिथे किल्ला, लाल बुरूज आणि बोटीची फेरी होते. दामलाताश गुहेचं नाव कार्यक्रमात असलंच तर ऐन वेळी "फार लहान आहे, दहा मिनिटांत संपते" असं सांगून गाळतात. आमच्या सहलीतही गाळली. दुपारचा वेळ मोकळा होता म्हणून आम्ही दोघं आपले आपण गेलो आणि आता हा धागा त्याच कारणाने काढते आहे. अलान्याला जाणाऱ्या कुणीही ही गुहा सोडू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

गुहा गावातच आहे. किल्ल्याचा डोंगर समुद्रात घुसला आहे, त्याच्या पश्चिम पायथ्याशी, क्लिओपात्रा बीच जिथे संपतो तिथे. बाहेर पोहून आलेली ओली मुलं, आइस्क्रीमच्या गाड्या, गाणी. तिकीट काढून आत शिरलं की सुमारे पन्नास मीटरचा बोळ लागतो आणि तो एका गोल दालनात उघडतो. दालनाचा व्यास तेरा-चौदा मीटर, उंची पंधराएक मीटर. संपली गुहा. तेवढीच आहे. पण तेवढ्या जागेत छतापासून जमिनीपर्यंत एक हात कोरी जागा सापडत नाही. ठिबकत्या पाण्यातल्या चुन्याचे वरून उतरलेले स्तंभ, खालून चढलेले स्तंभ, मध्येच एकमेकांना भेटून झालेले खांब, आणि भिंतींवर जाड पडद्याच्या चुण्या पडाव्यात तसे दगडाचे थर.

मोठ्या गुहांमध्ये आपण चालत राहतो. पुढे काय आहे याची ओढ असते, मागून लोक येत असतात. इथे पुढे जायला जागाच नाही, त्यामुळे उभं राहून बघावं लागतं. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर एक बारीक, पोकळ नळी लोंबत होती, पेन्सिलीपेक्षाही बारीक. तिच्या टोकाला थेंब होता. पडेल पडेल म्हणून मी बघत राहिले. तो फुगला, त्यात दिवा उलटा दिसायला लागला, तरी पडेना. शेवटी पडला तेव्हा लगेच नवा थेंब दिसेना. टोक नुसतं ओलसर चमकत राहिलं. इथल्या स्तंभांचं वय साधारण १५ हजार वर्षं सांगतात. तो आकडा मी आधी वाचला होता, पण तो थेंब बघितल्यावर कळला.

आत ऊबदार दमटपणा आहे. बाराही महिने तापमान २२-२३ अंश आणि आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास. बाकांवर काही वयस्क मंडळी शांत बसली होती. एक आजोबा हातात जपमाळ घेऊन, डोळे मिटून. ते पर्यटक नव्हते, दम्यासाठी बसले होते. तुर्कस्तानात ही गुहा त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

ती सापडली १९४८ मध्ये. बंदराच्या बांधकामाला दगड हवा होता, म्हणून इथे खाण काढली आणि सुरुंगाच्या कामात ही पोकळी उघडी पडली. दगड काढायचं थांबवून तिला संरक्षण दिलं आणि पुढे पर्यटकांसाठी खुली केली. तुर्कस्तानातली पर्यटनासाठी खुली झालेली पहिली गुहा हीच. आणखी थोडे सुरुंग लागले असते तर ती बंदराच्या धक्क्याच्या भरावात गेली असती.

जवळच दिम नावाची दुसरी गुहा आहे, ती राहिली. कुणी पाहिली असेल तर जरूर लिहा. दम्याच्या दाव्यात किती तथ्य आहे हेही जाणकारांनी सांगावं.

आंबेमोहोर

सुंदर लिहिलंय. आम्ही ऑक्टोबरमध्ये जातोय, सोबत सासूबाई आहेत. गुडघ्यांचा त्रास आहे. पायऱ्या किती आहेत? आत घसरडं आहे का? कोंडल्यासारखं होतं का?

रानवारा

आंबेमोहोर, दालनात वर-खाली असे दोन भाग आहेत, त्यामुळे थोड्या पायऱ्या आहेत आणि त्या ओलसर असतात. कठडा आहे. सासूबाईंना रबरी तळव्याचे बूट घाला, चपला नकोत. खालचा भाग झेपला नाही तरी वरूनच बरंच दिसतं, त्यामुळे त्यांची फेरी फुकट जाणार नाही. बोळ अरुंद आहे पण वाकावं लागत नाही. कोंडल्यासारखं मला झालं नाही, पण एखादा मोठा ग्रुप आत असेल तर दमट हवेत जीव घाबरा होऊ शकतो. तो बाहेर पडेपर्यंत थांबा आणि मग जा.

कातळमित्र

फार आवडला धागा. भूशास्त्र हा माझा व्यवसाय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

भूमध्य समुद्राच्या या किनाऱ्यामागे तोरोस पर्वताची रांग आहे आणि ती बहुतांशी चुनखडकाची आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्ल होतं. असं पाणी चुनखडकाच्या फटीतून जाताना खडक विरघळवत जातं. हजारो-लाखो वर्षांत फटीची पोकळी होते. पुढे तेच पाणी पोकळीच्या छतातून थेंबाने बाहेर येतं, तेव्हा त्यातला वायू हवेत निसटतो आणि विरघळलेला चुना पाण्याला धरून ठेवता येत नाही. तो कॅल्साइटच्या, म्हणजे चुन्याच्या स्फटिकांच्या, रूपाने थेंबाच्या कडेला बसतो. रानवारा यांनी पाहिलेली पोकळ नळी ही त्याची पहिली अवस्था. थेंबाच्या कडेभोवती कडं जमतं, त्याखाली आणखी एक, आणि मधून पाणी वाहत राहतं. नळी बुजली की पाणी बाहेरून ओघळतं आणि ती जाड होऊ लागते. वाढ जागेगणिक बदलते, पण वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग हे पुष्कळ ठिकाणी चांगलं मानतात. म्हणजे हजार वर्षांत वीतभरही नाही.

ज्यांनी पामुक्काले पाहिलं आहे त्यांनी हेच रसायन उघड्यावर पाहिलं आहे. तिथे गरम झरा डोंगरातून बाहेर येतो, वायू निघून जातो आणि पांढरे टप्पे तयार होतात. अंताल्या शहर ज्या पठारावर वसलं आहे तेही असंच, पाण्याने आणून टाकलेल्या चुन्याचं आहे. दुदेन धबधबा समुद्रात कोसळतो तो त्याच पठाराच्या कड्यावरून. आपल्या लोकांच्या सहलीत पामुक्काले, दुदेन आणि दामलाताश ही तीन वेगळी ठिकाणं म्हणून येतात, पण ती एकाच गोष्टीची तीन रूपं आहेत. मार्गदर्शकांनी एवढं जरी सांगितलं तरी लोक गुहा गाळणार नाहीत.

महाराष्ट्रात असं का नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आपला बहुतेक भाग बेसाल्टचा. तो लाव्हापासून झालेला आहे आणि पाण्यात असा विरघळत नाही. आपल्या गुहा म्हणजे लेणी, छिन्नीने खोदलेली. चंद्रपूर-यवतमाळकडे चुनखडक आहे, पण त्याची ओळख सिमेंटच्या कारखान्यांमुळे. जवळात जवळ बघायचं तर आंध्रातल्या बोरा आणि बेलम. तिथेही जरूर जा.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दामलाताशला माणसं आत जातील असं तोंड १९४८ आधी नव्हतं. तिची हवा हजारो वर्षं जवळजवळ बंद होती. अशा गुहेला दार मिळालं की आतली आर्द्रता, वायूचं प्रमाण, थेंबांचा वेग सगळ्यावर परिणाम होतो. म्हणून दार, दिवे आणि माणसांची संख्या यांची काळजी इथे नैसर्गिक तोंडाच्या गुहेपेक्षा जास्त घ्यायला हवी.

अंताल्याकर

मी गेली काही वर्षं अंताल्यात राहते. धागा बघून राहवलं नाही.

दिम गुहा अलान्यापासून अकरा-बारा किलोमीटरवर, जेबेल-इ-रैस डोंगराच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून २३२ मीटर उंचीवर आहे. १९९८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. फिरण्याची वाट ३६० मीटरची आणि शेवटी खाली छोटं तळं आहे. पाणी इतकं स्थिर की छताचे स्तंभ त्यात जसेच्या तसे दिसतात. आत १८-१९ अंश असतं, त्यामुळे उन्हाळ्यात बाहेरून घामाघूम आलेल्या माणसाला अंगावर शाल लागते. पायऱ्या बऱ्याच आहेत. आंबेमोहोर, सासूबाईंसाठी दामलाताशच बरी. दिमला त्यांना बाहेरच्या चहाच्या टेबलावर बसवा. तिथून दरी आणि समुद्र दोन्ही दिसतात, त्यांना कंटाळा येणार नाही.

दिमला टॅक्सी किंवा भाड्याची गाडी करून जा आणि परतताना खाली दिम नदीवर थांबा. उन्हाळ्यात नदीतच लाकडी मंच टाकून हॉटेलं चालवतात. पाणी बर्फासारखं गार असतं. शाकाहारींनी गोझलेमे मागावं, पातळ पोळीत चीज, बटाटा किंवा पालक भरून तव्यावर भाजतात. आणि अलान्याची केळी खाऊन बघा. आपल्या वेलची केळ्यापेक्षा मोठी, जळगावच्या केळ्यापेक्षा लहान, वास मात्र जबरदस्त. गाझीपाशा गावाकडे जाताना दोन्ही बाजूंना केळीचीच हरितगृहं दिसतात.

दामलाताशला सकाळचे पहिले तास रुग्णांसाठी राखलेले असतात, पर्यटक त्यानंतर. दुपारी जहाजांची आणि बसची गर्दी येते. रुग्णांची वेळ संपली की लगेच जावं, तेव्हा सगळ्यात छान.

बोटीच्या फेरीत किल्ल्याच्या डोंगराखालच्या गुहा दाखवतात, चाच्यांची, प्रेमिकांची, चमकत्या पाण्याची. त्या समुद्राने कोरलेल्या आहेत, तिथे स्तंभ वगैरे बघायचे नसतात. त्यांना पाहून "गुहा झाली" असं समजू नका.

पंचगंगा

मला दम्याबद्दलच विचारायचं आहे. वडील ६८ वर्षांचे आहेत. तीस वर्षांपासून दमा. थंडीत रात्र रात्र बसून काढतात. एका नातेवाइकांनी या गुहेचा व्हिडिओ पाठवला, त्यात रोज चार तास याप्रमाणे २१ दिवस बसलं की दमा जातो असं सांगितलं आहे. खर्च मोठा आहे, पण बाबांना बरं वाटणार असेल तर मी करायला तयार आहे. बाबाही व्हिडिओ पाहून फार आशेवर आहेत. कुणी खरं काय ते सांगेल का?

श्वासमार्ग

पंचगंगा, मी छातीरोगतज्ज्ञ आहे. तुमचा प्रश्न वाचून जे माहीत आहे ते स्पष्ट सांगते.

चार तास आणि २१ दिवस हा दामलाताशचा प्रघात आहे हे बरोबर, आणि त्यासाठी तिथे डॉक्टरांचा दाखला मागतात. गुहेत बसण्याचा उपचार फक्त तिथलाच नाही. पोलंडमध्ये व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीत एकोणिसाव्या शतकापासून करतात. जर्मनीतल्या क्लूटर्ट गुहेत दुसऱ्या महायुद्धात लोक बॉम्बहल्ल्यांपासून लपायला जात, त्यातल्या दमेकऱ्यांना बरं वाटलं आणि तिथे तो सुरू झाला. बरं वाटण्याला कारणंही आहेत. गुहेत परागकण नसतात, धूळ आणि धूर जवळजवळ नसतो, तापमान बदलत नाही. ज्याचा दमा धुळीने किंवा कोरड्या थंड हवेने उठतो त्याला चार तास हायसं वाटणं स्वाभाविक आहे.

पण "दमा जातो" याला पुरावा नाही. या उपचारावरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २००१ मध्ये आढावा घेतला. निकषांत बसणारे मोजकेच अभ्यास निघाले, तेही लहान मुलांवरचे, आणि त्यांवरून विश्वासार्ह निष्कर्ष काढता येत नाही असं त्यात म्हटलं आहे. दमा हा श्वासनलिकांच्या सुजेचा दीर्घकाळचा आजार आहे. स्वच्छ हवेत बसल्याने सूज वाढवणाऱ्या गोष्टी तेवढा वेळ दूर राहतात, पण माणूस परत आला की घर, धूळ, थंडी सगळं तिथेच असतं.

दामलाताशच्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या आठ-दहा पट असल्याचं सांगतात. बाहेर आज दशलक्षात सव्वाचारशे भागांच्या आसपास आहे, म्हणजे आत तीन-चार हजार झाले. धडधाकट माणसाला त्याने काही होत नाही. पण ६८ व्या वर्षी, तीस वर्षांच्या आजारानंतर, फुप्फुसं किती काम करतात हे तपासल्याशिवाय मी कुणालाही तिथे रोज चार तास बसवणार नाही. काहींना दम्यासोबत सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असतो आणि तो वर्षानुवर्षं लक्षात आलेला नसतो. काहींना बुरशीचं वावडं असतं, त्यांना ९५ टक्के आर्द्रता त्रास देऊ शकते.

मला जास्त खटकलं ते हे की वडील अजून रात्री बसून काढतात. याचा अर्थ दमा आटोक्यात नाही. रोजचा प्रतिबंधक इनहेलर चालू आहे का? तो ओढण्याची पद्धत कुणी समोर बसून तपासली आहे का? स्पिरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, शेवटची कधी झाली? माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांचं औषध बरोबर असतं पण ते घशातच राहतं. स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून, पद्धत सुधारून पुष्कळ लोक रात्री आडवे झोपायला लागतात. आधी हे करा. तुर्कस्तानच्या खर्चाच्या मानाने ते काहीच नाही.

केवडा

डॉक्टर, तुमचा मान राखून लिहिते. माझ्या काकू जर्मनीत असताना असल्याच एका गुहेत नेमाने बसायच्या आणि त्यांना खरोखर फरक पडला होता. आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. अभ्यास कमी झालेत म्हणून उपयोग नाही असं कसं म्हणता येईल?

श्वासमार्ग

केवडा, काकूंना बरं वाटलं हे मी अजिबात नाकारत नाही. उपयोग नाही असं मी म्हटलेलं नाही, तो सिद्ध झालेला नाही असं म्हटलं. रोजचं औषध चालू ठेवून, तपासणी करून कुणी गुहेत बसायला गेलं तर माझी हरकत नाही. माझी भीती वेगळी आहे. "आता गुहेने बरं केलं" म्हणून लोक प्रतिबंधक इनहेलर सोडतात आणि काही आठवड्यांनी झटका घेऊन दवाखान्यात येतात. अशा व्हिडिओंमध्ये औषध चालू ठेवा हे एक वाक्य कधीच नसतं. ते वाक्य असतं तर मी एवढं लिहिलं नसतं.

रानवारा

डॉक्टर, फार आभार. धाग्याचं चीज झालं.

कातळमित्रांनी दारा-दिव्यांचं लिहिलं त्यावरून एक सांगायचं राहिलं होतं ते लिहिते. आत दिव्यांच्या अगदी जवळचे दगड जरा हिरवे दिसतात. मला आधी तो दगडाचाच रंग वाटला. नीट पाहिलं तर दिव्याचा प्रकाश जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंतच हिरवा आणि पुढे एकदम पिवळट तपकिरी. शेवाळं आहे ते, बरोबर ना?

आणि आम्ही असताना एका सहलीची माणसं आली, आपल्याच देशातली. कठड्यातून हात घालून मुलं स्तंभाला हात लावत होती, एका गृहस्थांनी तर खालच्या बारीक स्तंभाला धरून फोटो काढला. सोबतचा मार्गदर्शक बघत होता, काही बोलला नाही. मी बोलले तेव्हा "एवढ्याने काय होतंय" असं उत्तर आलं. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

कातळमित्र

हो, शेवाळंच. गुहेच्या पूर्ण अंधारात ते वाढत नाही. दिवे लावले की लोकांच्या कपड्यांवरून, बुटांवरून आलेले बीजाणू तिथे रुजतात आणि हळूहळू कॅल्साइट खराब करतात. कमी उष्णतेचे दिवे आणि माणसं असतील तेवढाच वेळ ते चालू ठेवणं हा उपाय बऱ्याच गुहांत करतात.

हात लावल्याने काय होतं याचं उत्तर त्या गृहस्थांसाठी लिहितो. हाताला तेल असतं. ते दगडावर बसलं की पाणी तिथे नीट पसरत नाही, नवा थर धरत नाही, आणि मळ साचून जागा काळी पडते. पुन्हा पुन्हा हात लागलेला स्तंभ तिथेच थांबतो. बारीक नळी तर बोटाच्या धक्क्याने तुटते, आणि वीतभर नळी परत यायला हजार वर्षांहून जास्त लागतील.

श्वासाचंही तसंच. फ्रान्समधली लास्को गुहा १९४८ मध्ये, म्हणजे दामलाताश सापडली त्याच वर्षी, लोकांसाठी उघडली. माणसांच्या श्वासाने, उष्णतेने आणि दिव्यांनी तिथल्या अश्मयुगीन चित्रांवर शेवाळं चढायला लागलं आणि १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. अजिंठ्यालाही चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात ते याच काळजीने. दामलाताश लास्कोपेक्षा खूप लहान आहे, चित्रं नसली तरी तिथली हवा माणसांनी लवकर बदलते. त्यामुळे छोट्या गुहेत छोट्या गटाने जाणं हे गुहेसाठीही आवश्यक आहे.

खापरतुकडा

अंताल्याला जाणाऱ्या, इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी एक भर. शहराच्या वायव्येला तीसेक किलोमीटरवर याजा गावाजवळ काराइन गुहा आहे. तुर्की पुरातत्त्वज्ञ किलिच कोकतेन यांनी १९४६ मध्ये तिथे उत्खनन सुरू केलं. पुराणाश्मयुगापासून माणसं तिथे राहत आली आहेत, निअँडर्थल माणसाचे अवशेषही मिळाले आहेत. पायऱ्यांचा चांगलाच चढ आहे. आत सजावट दामलाताशच्या पासंगालाही पुरणार नाही, पण तोंडाशी उभं राहिलं की खाली सगळं मैदान नजरेत येतं आणि शिकारी माणसाने ही जागा का निवडली असेल ते लगेच पटतं. इथे सापडलेल्या वस्तू अंताल्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात होत्या, पण ते २०२५ मध्ये नव्या बांधकामासाठी बंद झालं. 

पंचगंगा

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. इनहेलर कसा ओढतात ते करून दाखवा म्हटलं तर त्यांनी ओढून लगेच श्वास सोडला. पुढच्या आठवड्यात स्पिरोमेट्रीची वेळ घेतली आहे. गुहा बघायची त्यांची इच्छा मात्र कायम आहे, उपचार म्हणून नाही तर फिरायला म्हणून. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तर वसंतात जाऊ. एप्रिल बरा की मे?

श्वासमार्ग

ओढल्यावर दहा अंक मोजेपर्यंत श्वास धरायचा, मग सावकाश सोडायचा. स्टिरॉइड असलेला इनहेलर असेल तर नंतर चूळ भरायची. तपासणीचा निकाल आला की इथे किंवा व्यक्तिगत निरोपात कळवा. प्रवासाला निघताना आराम देणारा इनहेलर सामानात नको, खिशात ठेवा.

अंताल्याकर

एप्रिलचा शेवट घ्या. मेच्या मध्यापासून बीचवरची गर्दी वाढते आणि बाबांना किल्ल्याचा चढ उन्हात झेपायचा नाही. किल्ल्यावर केबल कार जाते, ती दामलाताशच्या बाजूलाच सुरू होते. सकाळी गुहा आणि लगेच केबल कारने वर, असं केलंत तर त्यांना फारसं चालावं लागणार नाही. अंताल्यात उतरणार असाल तर निरोप करा, गाडीवाल्याशी मी बोलून देईन.